हायस्कूलच्या मंडळासाठी दर महिन्याला कोणता विषय घ्यावा?

तुमचा प्रश्न असा आहे: आठवी-नववीच्या मुलांचं मंडळ सुरू केलंय, दर महिन्याला एक विषय ठरवायचा आहे, त्यातून लिखाण-चित्रंही व्हावीत आणि अभ्यासही, तर बारा महिन्यांचे बारा विषय सुचवा.

बारा सुचवत नाही. पाच-सहाच सांगते, कारण त्याहून जास्त होत नाहीत.

मी सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. आमचे विज्ञानाचे सर आणि मी मिळून असंच एक मंडळ चालवतो. पहिल्या वर्षी आम्हीही बारा महिन्यांचा तक्ता करून स्टाफरूममध्ये लावला होता. जून पर्यावरण, जुलै पाणी, ऑगस्ट देशभक्ती, असा. जुलैत ‘पाणी वाचवा’ची बावीस पोस्टरं आली आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त पोस्टरांवर तोच गळका नळ आणि तोच रडणारा थेंब. माहिती नेट कॅफेतून छापून आणलेली, खाली वेबसाइटचा पत्ताही तसाच राहिलेला. बाहेर पाऊस इतका कोसळत होता की वर्गात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि आत मुलं पाणी वाचवत होती.

तेव्हापासून एकच कसोटी ठेवली आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर मोबाइलमध्ये सापडतं, तो महिन्याचा विषय नाही. उत्तर मुलांच्या अंगणात, कपाटात नाहीतर आजीच्या डोक्यात असलं पाहिजे. दुसरं, प्रत्येक विषयात एक गोष्ट मोजायची आणि एक लिहायची. आणि मोजल्याशिवाय लिहिता येऊ नये अशी त्यांची गाठ घालायची.

जुलैचंच सांगते, कारण तो आमचा सगळ्यात जमलेला महिना आहे. विषय पाऊसच, पण प्रत्येकाने आपापल्या अंगणातला मोजायचा. दोन लिटरची सरळ उभी बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा, बाहेरून पट्टी चिकटवायची. तोंड आणि पोट एकाच व्यासाचं असेल तर पट्टीवर दिसतात तेवढे मिलिमीटर पाऊस झाला. पहिल्या खेपेला आमची सगळी मापं चुकली, कारण अशा बाटल्यांचं बूड सपाट नसतं, त्याला पाच पाय असतात. आता तळात खडे भरतो, शून्याच्या रेघेपर्यंत पाणी ओततो आणि मग मोजायला लागतो. नोंद सकाळी साडेआठला घ्यायची, हवामान खातंही चोवीस तासांचा पाऊस साडेआठ ते साडेआठच धरतं. शनिवारी शाळा सकाळची, तेव्हा मुलं त्या वेळी वर्गात असतात. म्हणून शनिवारच्या नोंदी आज्यांनी घेतल्या. एका आजीने अंकांऐवजी बोटाची पेरं सांगितली, नातवाने ती पट्टीवर मोजून मिलिमीटर केले.

आमच्या तालुक्याची गंमत म्हणजे पश्चिमेला कोयनानगर, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पूर्वेला मल्हारपेठेकडे जावं तसा तो झपाट्याने कमी होत जातो. एकाच दिवशी पश्चिमेच्या हेळवाककडच्या मुलीच्या वहीत १४० मिलिमीटर, तर पूर्वेकडच्या मुलाच्या वहीत २२. दोघं एकाच बाकावर बसणारी. घाट, ढग, वाऱ्याची दिशा हे सगळं भूगोलाच्या पुस्तकात असतं, पण त्या दिवशी ती दोघं एकमेकांवर खोटं लिहिल्याचा आरोप करत भांडली आणि मग सरांना नकाशा काढावा लागला.

खोटं लिहिणारा एक होताही. त्याचे सगळे आकडे ५ किंवा ० ने संपत होते. मी रागावणार होते, पण सरांनी त्याचे आकडे नाव न सांगता फळ्यावर लिहिले आणि विचारलं, “यात काय विचित्र दिसतं?” एका मिनिटात मुलांनी ओळखलं. त्याने स्वतःही ओळखलं आणि सगळ्यांच्या आधी हसला. पुढच्या वर्षी इतरांच्या नोंदी तपासायचं काम त्याच्याकडेच दिलं.

आता लिखाणाची बाजू. मी मुलांना पावसाचे शब्द गोळा करायला सांगितले. भुरभुर, रिपरिप, झिमझिम, सर, झड, धो-धो, मुसळधार, आणि घराघरांतले आणखी कितीतरी. मग म्हटलं, प्रत्येक शब्दापुढे मिलिमीटर लिहा. रिपरिप म्हणजे किती? मुसळधार कितीपासून सुरू होतो? यावर जी जुंपली ती दोन शनिवार पुरली. पूर्वेकडच्या मुलांचा मुसळधार चाळीसला सुरू होत होता. कोयनेकडची मुलं त्याला “बारीक चाललाय” म्हणत होती. मग कोणीतरी म्हणालं, रिपरिप किती पडते यापेक्षा किती वेळ पडते हे महत्त्वाचं, चोवीस तासांच्या आकड्यात ते दिसतच नाही. मराठीच्या तासाला इतका नेमका मुद्दा माझ्या नोकरीत क्वचित ऐकलाय. शेवटी शब्दांची पट्टी तयार झाली, एका बाजूला आकडे, एका बाजूला शब्द, प्रत्येक गावाची वेगळी. ती अजून ग्रंथालयाच्या दारावर आहे.

जाता जाता एक गणित: १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. तुमच्या शाळेचं छप्पर मुलांकडून मोजून घ्या. २०० चौरस मीटरच्या पत्र्यावर १०० मिलिमीटरच्या एका दिवसात २०,००० लिटर येतं. मेमध्ये ज्यांच्या वाडीत टँकर येतो त्या मुलांना हा आकडा कळल्यावर पोस्टर काढायला सांगावं लागत नाही.

ऑगस्टमध्ये ग्रंथालय. १२ ऑगस्ट हा ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस, ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. त्यांच्या पाच सूत्रांपैकी दोन मुलांना सांगायची: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. मग कपाटाची किल्ली आणि देवघेवीची वही मुलांच्या हातात द्यायची. प्रश्न एवढाच, कपाटातून एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं किती? आमच्याकडचा आकडा सांगत नाही, लाज वाटते. प्रत्येकाने अशी दोन पुस्तकं घरी न्यायची, वाचायची आणि आत चार ओळींची चिठ्ठी ठेवायची: हे कोणी वाचावं आणि का. “आवडलं नाही, पण ज्याला विहिरी खणायच्या आहेत त्याने वाचावं” अशी चिठ्ठी आली होती. ते पुस्तक पुढे तिघांनी नेलं.

सप्टेंबरात गणपती, त्यामुळे एकच शनिवार हाती लागतो. आम्ही सड्यावर जातो. आमच्याकडे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्याच्या पठाराला सडा म्हणतात. एक मीटर बाय एक मीटरचा दोरीचा चौकोन टाकायचा, आत किती प्रकारची झाडं आणि फुलं ते मोजायचं, चित्र काढायचं, घरी नाव विचारायचं. सोनकी, तेरडा सगळ्यांना ठाऊक असतात. ‘सीतेची आसवं’ हे नाजूक जांभळं-निळं फूल कीटक पकडून खाणाऱ्या वनस्पतीचं आहे हे कळल्यावर मात्र मुली त्या नावावर खवळल्या. त्यातून दोन कविता आल्या, एक खरंच चांगली होती. तुमच्याकडे सडा नसेल तर शाळेच्या भिंतीलगतचा एक मीटरही चालतो, फक्त रोजंदारीवरच्या माणसाला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो गवत काढून टाकतो. (अनुभव.)

ऑक्टोबर मोकळा सोडा. सत्र परीक्षा, मग दिवाळी. त्या महिन्यात ठरवलेलं काहीही होत नाही आणि मंडळ बंद पडतं ते बहुधा याच महिन्यात, कारण “ठरवलं होतं पण झालं नाही” हे मुलांना लागतं. आधीच सुट्टी जाहीर केली की नोव्हेंबरात परत येतात.

डिसेंबर आमच्या भागाचा खास. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनेचा मोठा भूकंप झाला. जवळपास १८० माणसं गेली. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं मूल आज सत्तरीच्या आसपास आहे, म्हणजे नेमकं आमच्या मुलांच्या आजी-आजोबांच्या वयाचं. विषयाचं नाव ‘त्या पहाटे’. प्रत्येकाने एका माणसाला पाच प्रश्न विचारायचे: कुठे झोपला होता, जाग कशाने आली, आधी काय पडलं, बाहेर कसे आलात, पुढचे दिवस कुठे काढलेत.

इथे घाई करू नका. प्रश्न विचारायला पाठवण्याआधी दोन तास नुसती तयारी केली. मोबाइलवर आवाज भरायचा तर आधी विचारायचं. माणूस रडायला लागला तर वही मिटायची, पाणी द्यायचं, आणि पुढचा प्रश्न विचारायचा नाही. एका मुलीचे आजोबा बोललेच नाहीत. ती कोरं पान घेऊन आली, आम्ही ते कोरं पान तसंच हस्तलिखितात बांधलं, वर फक्त आजोबांचं गाव. बाकीच्यांच्या लिखाणात मी फक्त एक गोष्ट सांभाळली: बोली बदलायची नाही. ‘हालाय लागलं’ असं आजी म्हणाली असेल तर ‘हलू लागले’ करायचं नाही. शुद्धलेखनाची लाल पेन मी त्या महिन्यात घरीच ठेवते.

याच महिन्यात सर भूकंपाचं गणित घेतात. भूकंपाच्या पी लहरी आधी पोहोचतात, एस लहरी मागून. दोन्हींमधला वेळ जितके सेकंद, त्याला साधारण ८ ने गुणलं की तितके किलोमीटर लांब भूकंप झाला असं ढोबळ गणित बसतं. सरांनी उलट्या बाजूने, म्हणजे कोयनेपासूनच्या अंतरांवरून, सेकंदांचे आकडे तयार करून मुलांना दिले: पुण्यात साडेपंधरा सेकंद, कोल्हापुरात साडेअकरा, रत्नागिरीत आठ. मुलांनी महाराष्ट्राच्या नकाशावर कंपासने तीन वर्तुळं काढली. ती कुठे छेदतात हे दिसल्यावर वर्ग गप्प झाला, कारण तिथे त्यांच्यातल्या चौघांची घरं होती. धरणात पाणी साठवायला लागल्यानंतर या भागात धक्के वाढले आणि जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचं उदाहरण म्हणून कोयनेचा जगभर अभ्यास होतो, हे तेव्हा सांगितलं. आधी सांगितलं असतं तर कोणी ऐकलं नसतं.

तुमच्याकडे कोयना नसेल. पण काहीतरी असेलच. लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आहे, पुण्यात १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आहे, मुंबईत गिरण्यांचा संप. आणि तसं मोठं काही नसलं तर ‘गावात वीज आली तो दिवस’ घ्या. तो बहुतेक ठिकाणी चालतो, आणि त्यात कोणी रडत नाही.

जानेवारीत स्नेहसंमेलन, त्यामुळे फक्त एक बैठक. ३ जानेवारीला सावित्रीबाईंवर भाषणं होतातच, ती सगळी एकसारखी असतात. त्याऐवजी आम्ही मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध वाचतो. फुल्यांच्या शाळेतली ही चौदा वर्षांची मुलगी, १८५५ मध्ये तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. समोर बसलेल्या मुलीही चौदाच्याच. मग एकच काम: तुम्हाला खुपणाऱ्या एका गोष्टीवर एक पान, नाव घातलं नाही तरी चालेल. ती पानं मी कोणालाही दाखवत नाही, मुख्याध्यापकांनाही नाही.

फेब्रुवारीत २७ ला मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच २८ ला विज्ञान दिन, म्हणून दोन्ही जोडून टाकले. घरातल्या एका जुन्या अवजाराचं चित्र काढायचं, प्रत्येक भागाला घरातला शब्द लिहायचा आणि तो भाग कसा काम करतो ते सांगायचं. नांगर आणलात तर रुमणं, हाळीस, फाळ, जू, शिवळ हे सगळं आलं पाहिजे, आणि रुमण्यावर दाब दिला की फाळाचं काय होतं हेही. मार्चपासून बंद. बोर्डाचं केंद्र असलं की वर्गही मिळत नाहीत.

राहिलं व्यवस्थेचं. वीसच्या वर मुलं घेऊ नका. आमची वेळ शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर, पण एसटी चुकली तर पुढची दोन तासांनी, म्हणून घड्याळ नाही, एसटी बघून थांबतो. दर महिन्याला दोन मुलं प्रमुख, एक वही सांभाळणारं, एक पाठपुरावा करणारं, आणि त्यातलं एक तरी कधी हात वर न करणारं असावं. खर्च कार्डशीट, दोरी, दोनशे पानी वह्या, एवढाच. तोही बराचसा आमच्याच खिशातून जातो, खोटं कशाला बोलू. पालक विचारतात “याचे मार्क मिळणार का?” नववीच्या अंतर्गत मूल्यमापनाला यातलाच प्रकल्प धरतो असं सांगितलं की बहुतेकांचं समाधान होतं. नाही झालं तर त्या मुलाला ओढून ठेवू नका.

आणि बाटल्या मेमध्येच जमवा. जूनमध्ये शाळा उघडते तोवर आमच्याकडे पाऊस लागलेला असतो. लग्नाच्या हॉलच्या मागे दोन लिटरच्या हव्या तेवढ्या मिळतात, फक्त कंबर आवळलेल्या घेऊ नका, सरळ बघून घ्या.