ईएफ ३० आलंय, घरी काय काय सांभाळायचं?

ताई, वडिलांचा ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन) ३० टक्के आला, डॉक्टरांनी हार्ट फेल्युअर (हृदय बंद पडणं नव्हे, त्याचा जोर कमी पडणं) सांगितलं आणि घरात सगळ्यांनी हाय खाल्ली, असं तुम्ही लिहिलंय. आधी ती ३०ची भीती. ७० टक्के हृदय गेलं, असा त्याचा अर्थ नाही. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती टक्के बाहेर फेकलं जातं, तो हा आकडा. धडधाकट माणसाचाही साधारण ५५ ते ७०च असतो. नियमित औषधांनी बऱ्याच जणांचा वर येतो. माझ्या आईचाही आला, सावकाश.

आता घरातलं सगळ्यात महत्त्वाचं काम: वजनकाटा आणा. हृदयाचा जोर कमी पडला की मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोचतं आणि ती मीठ-पाणी धरून ठेवतात. हे पाणी पायावर दिसायच्या आधी काट्यावर दिसतं, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सकाळी लघवी करून, चहाच्या आधी, तशाच हलक्या कपड्यांत रोज वजन करा. आम्ही कालनिर्णयच्या चौकोनातच लिहितो, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. पोट गच्च वाटणं, दोन घासांत जेवण नको होणं, आडवं झाल्यावर कोरडा खोकला, एकाच्या जागी दोन उश्या लागणं, ही त्याच पाण्याची लक्षणं असू शकतात. आपल्याकडे ती ‘अपचन’ आणि ‘कफ’ म्हणून आठवडेच्या आठवडे अंगावर काढली जातात.

त्या खोकल्यावर ज्येष्ठमध चघळायला देऊ नका. त्यानं अंगात पाणी साठतं आणि पोटॅशियम घसरतं. गुडघे दुखले म्हणून दुकानातून आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकही आणू नका. डॉक्टरांना विचारून दुसरं काही घ्या.

मीठ सगळं मिळून दिवसाला चमचाभर, पाच ग्रॅमच्या आत. भाजीतलं कमी करणं सोपं आहे. घात होतो तो पापड, लोणचं, फरसाण, खारी आणि पाकिटातल्या सूपनं. ‘लो सोडियम’ मीठ मनानं सुरू करू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक वाढू शकतं. पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांकडून आकड्यात विचारून घ्या आणि तेवढं सकाळीच बाटलीत भरून ठेवा.

गोळ्या खूप वाटतील. लघवीची गोळी साचलेलं पाणी काढते; बीटा ब्लॉकर, सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन हृदयावरचा ताण कमी करून आयुष्य वाढवतात. डापाग्लिफ्लोझिन ही मुळात मधुमेहाची गोळी, पण मधुमेह नसतानाही देतात, गोंधळू नका. बरं वाटलं म्हणून बाबा गोळ्या सोडतील, तिथे तुम्ही ठाम राहा. चक्कर आली तर डोस बदलून मिळतो, पण तो डॉक्टरच बदलणार.

‘किती दिवस’ हे तुम्ही विचारलंत. नुसत्या ईएफवरून ते कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टरांना त्यापेक्षा हे विचारा: हृदय कशानं कमकुवत झालं, ब्लॉकेज तपासलं का, क्रिएटिनिन-पोटॅशियम (मूत्रपिंड आणि क्षारांची रक्ततपासणी) पुन्हा कधी करायचं, फ्लूची लस कधी घ्यायची, चालायचं किती.

आणि झोपेतून श्वास कोंडून उठले आणि बसूनही दम थांबेना, छातीत दुखलं, शुद्ध हरपली किंवा गुलाबी फेस पडला, तर फोनाफोनीत वेळ घालवू नका. १०८ बोलवा, बसतं ठेवून न्या, आणि गोळ्यांची यादी सोबत घ्या.