टेस्टोस्टेरॉन सुरू केलं आणि स्तनाग्रं हुळहुळू लागली

“औषध पुरुषी हार्मोनचं, मग स्तन का वाढताहेत?” टेस्टोस्टेरॉनचे उपचार घेणारे पुरुष हा प्रश्न वरचेवर विचारतात, पण उशिरा. तोवर नको ते उपाय करून झालेले असतात. इथे सांगतोय त्या गृहस्थांचंही तसंच झालं होतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय 52, पोट सुटलेलं. दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं तेव्हा टेस्टोस्टेरॉन दोन्ही वेळा 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या बरंच खाली आलं आणि एलएच (वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं मेंदूतल्या ग्रंथीचं हार्मोन) वाढलेलं, म्हणजे मुळात वृषणांचंच काम मंदावलेलं. उपचारांची गरज खरी होती. दर तीन आठवड्यांनी 250 मिलिग्रॅमचं इंजेक्शन सुरू झालं. तिसऱ्या इंजेक्शननंतर बनियन घासला तरी स्तनाग्रं हुळहुळायची, संध्याकाळी घोट्यावर मोज्यांचे वळ उमटायचे. इंजेक्शननंतरचा आठवडा चिडचिडीचा, शेवटचा मरगळीचा. डॉक्टरांना सांगायची लाज वाटली. जिममधल्या एकाने ॲनास्ट्रोझोलची 1 मिलिग्रॅमची गोळी रोज घ्यायला सांगितली. हुळहुळणं थांबलं, पण दोन महिन्यांत गुडघे आणि बोटांचे सांधे धरले, कामेच्छा पार गेली. बायकोला वाटायचं, हे आपल्याला टाळताहेत. ते आमच्याकडे आले ते टेस्टोस्टेरॉनचा डोस वाढवून मिळेल का, हे विचारायला.

टेस्टोस्टेरॉनचा काही भाग ॲरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) इस्ट्रॅडिऑल या स्त्री-हार्मोनमध्ये बदलतं. हे विकर चरबीत भरपूर असतं, म्हणून पोट जितकं मोठं तितकं हे रूपांतर जास्त. पुरुषाला इस्ट्रॅडिऑल लागतंच. हाडांची घनता त्यावर टिकते आणि कामेच्छेतही त्याचा मोठा वाटा असतो. त्यांचा त्रास सुरू झाला तो चढउतारामुळे. तीन आठवड्यांचा डोस एकदम दिला की पहिल्या काही दिवसांत पातळी खूप वर जाते, तेव्हाच सर्वाधिक इस्ट्रॅडिऑल तयार होतं, आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं तळाला येतं. ॲनास्ट्रोझोल हे रूपांतरच रोखतं. रोज 1 मिलिग्रॅम हा डोस रजोनिवृत्तीनंतरच्या स्तनकर्करोगासाठी ठरवलेला आहे.

“म्हणजे आता माझ्यात बाईचं हार्मोन जास्त नाहीये?” त्यांनी विचारलं.

“उलट, फार कमी झालं असावं. सांधे त्याचमुळे दुखताहेत. टेस्टोस्टेरॉन वाढवून ते भरून निघणार नाही. आधी तपासू या.”

तपासणीतही एक मेख आहे. नेहमीची इस्ट्रॅडिऑल चाचणी स्त्रियांच्या पातळीसाठी बेतलेली असते, पुरुषांच्या कमी आकड्यांत ती फसते. लॅबला मास स्पेक्ट्रोमेट्रीची चाचणी हवी असं स्पष्ट सांगावं लागतं. पुरुषांत साधारण 10 ते 40 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर ही पातळी ठीक मानतात. त्यांची 10 च्याही खाली होती. अशा इंजेक्शनवर असताना टेस्टोस्टेरॉन दोन इंजेक्शनांच्या मधोमध मोजायचं. दुसऱ्याच दिवशी मोजलं तर उगाच जास्त दिसतं, शेवटच्या दिवशी उगाच कमी.

डॉक्टरांशी बोलताना काय सांगायचं ते त्यांनी कागदावर लिहून नेलं, गोळीचं नावही. हे आम्ही आवर्जून करायला लावतो, कारण नेमकी लपवलेली गोळीच निदान चुकवते. डॉक्टरांनी ॲनास्ट्रोझोल बंद केलं आणि इंजेक्शनऐवजी रोज 50 मिलिग्रॅमचं जेल दिलं, म्हणजे पातळी रोज साधारण सारखी राहते. इंजेक्शनच चालू ठेवायचं असेल तर दर आठवड्याला थोडं थोडं घेणं हा दुसरा मार्ग असतो, पण तो डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. फोडलेलं अँप्यूल उरलं म्हणून पुढच्या आठवड्यासाठी मुळीच ठेवू नये.

जेलबाबत त्यांना जरा जास्तच वेळ दिला, कारण घरात चार वर्षांची नात आहे आणि ती आजोबांच्या खांद्यावर चढते. सकाळी आंघोळीनंतर कोरड्या खांद्यांवर आणि दंडांवर लावायचं, हात लगेच साबणाने धुवायचे, पूर्ण वाळल्यावर बाह्यांचा शर्ट घालायचा. नातीला उघड्या अंगाने उचलायचं असेल तर आधी ती जागा साबणाने धुवायची. लहान मुलाच्या कातडीला हे जेल लागत राहिलं तर अवेळी वयात येण्याची लक्षणं दिसू शकतात.

मग छाती. उताणं झोपून अंगठा आणि तर्जनी दोन्ही बाजूंनी स्तनाग्राकडे सरकवत न्यायची. स्तनाग्राखाली रबरासारखी चकती लागली तर ती ग्रंथी, काहीच अडलं नाही तर नुसती चरबी. त्यांच्या दोन्ही बाजूंना साधारण दोन सेंटिमीटरची चकती होती, दुखरी आणि हलणारी. एकाच बाजूची दगडासारखी गाठ, स्तनाग्रातून रक्तासारखा स्राव, आत ओढली गेलेली कातडी, यातलं काहीही असेल तर हार्मोनवर खापर न फोडता लगेच तपासून घ्यावं. एकाच पायाला अचानक सूज आणि दुखणं आलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, ती रक्ताची गुठळी असू शकते. हिमॅटोक्रिटही, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, पाहत राहावं लागतं. ते 54 टक्क्यांच्या वर गेलं तर उपचार थांबवतात.

पहिल्या काही आठवड्यांत सांधे मोकळे झाले. बायकोला घेऊन ते पुन्हा आले तेव्हा बराच वेळ त्याच बोलत होत्या. कामेच्छा हळूहळू परततेय, पोटाचा घेर कमी करायचं दोघांनी मनावर घेतलंय. चकतीची हुळहुळ गेली, चकती मात्र आहे. ती ताजी आहे तोवर टॅमॉक्सिफेनचा (स्तनात इस्ट्रॅडिऑलचा परिणाम रोखणाऱ्या गोळीचा) विचार करता येतो, वर्ष उलटल्यावर ऊती घट्ट होतात आणि मग बहुधा शस्त्रक्रियाच उरते. त्यामुळे या महिन्यातली शल्यविशारदांची भेट त्यांनी चुकवू नये असं सांगितलंय.