टेस्ट हिरवी झाली म्हणून लगेच विश्वास ठेवू नकोस

अरे, तू लिहिलेल्या टेस्टमुळे कव्हरेज (टेस्ट चालताना कोडच्या किती ओळी रन होतात ते प्रमाण) वाढलं हे चांगलंच, पण त्यातून फक्त ती ओळ रन झाली एवढंच कळतं, उत्तर बरोबर आलं का ते असर्ट, म्हणजे अपेक्षित उत्तराशी तुलना करणारी ओळ, बघतं, आणि तुझ्या बऱ्याच टेस्टमध्ये असर्टच नाहीये. टेस्ट लिहिलीस की मूळ कोडमधली एखादी अट मुद्दाम उलटी करून बघ, टेस्ट लाल, म्हणजे फेल, झाली नाही तर ती सरळ परत लिही.

दुसरं म्हणजे आजची तारीख. फंक्शनच्या आत थेट घड्याळ वाचू नकोस, तारीख बाहेरून पॅरामीटर म्हणून दे. आपले लॅपटॉप भारतीय वेळेवर आणि सीआय सर्व्हर (कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणारा) बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, त्यामुळे रात्री १२ ते पहाटे ५:३० दोघांची तारीखच वेगळी असते आणि ड्यू डेटची टेस्ट उगाच फेल होते. मग टीममधले 'परत रन कर, होईल पास' म्हणायला लागतात, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकतं कारण नंतर खरा बग आला तरी कोणी ढुंकून बघत नाही. २९ फेब्रुवारीची केस पण नक्की टाक.

मॉक, म्हणजे टेस्टमध्ये खऱ्या भागाच्या जागी ठेवलेला नकली भाग, जपून वापर. पेमेंट गेटवे वगैरे ठीक, पण स्वतःचेच छोटे क्लास मॉक केलेस तर रिफॅक्टरिंग (काम तेच ठेवून कोडची रचना बदलणं) करताना कोड नीट चालत असूनही टेस्ट धडाधड तुटतात.