उंदराला टोचण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेला आराखडा वाचला. सहा ते आठ आठवडे वयाचे बाल्ब/सी जातीचे मादी उंदीर, फ्लूच्या विषाणूच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचे दोन डोस, त्यांत तीन आठवड्यांचे अंतर आणि दुसऱ्या डोसनंतर दोन आठवड्यांनी रक्त घेणे, हे सारे रूढ पद्धतीप्रमाणे आहे. त्यावर मला फारसे म्हणायचे नाही. मला लिहायचे आहे ते टोचायच्या प्रथिनाविषयी, कारण सिरिंजमध्ये जे जे असेल त्या सगळ्यालाच उंदीर प्रतिसाद देतो, तुझ्या आराखड्यात त्याचा उल्लेख असो वा नसो.

विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिनचे तीन रेणू एकत्र जुळून, म्हणजे ट्रायमर होऊन, उभे असतात. पटलात रुतणारा भाग वगळून आपण हे प्रथिन पेशींकडून बाहेर स्रवून घेतो, तेव्हा ही जुळणी टिकावी म्हणून त्याच्या टोकाला टी-४ या जिवाणुभक्षक विषाणूचा फोल्डॉन नावाचा तुकडा जोडतो आणि शुद्धीकरणासाठी हिस्टिडिन या अमिनो आम्लाची छोटी शेपटी, म्हणजे टॅग, लावतो. उंदराच्या दृष्टीने हे दोन्ही परकेच असल्याने त्यांच्याविरुद्धही प्रतिपिंडे तयार होतात, आणि एलायझा या प्रतिपिंडे मोजणाऱ्या चाचणीच्या प्लेटवर तेच प्रथिन लावले तर तीही टायटरमध्ये, म्हणजे प्रतिपिंडांच्या मापात, मोजली जातात. विद्यार्थिदशेत माझ्या एका प्रयोगात एलायझाचे आकडे इतके सुरेख आले की मी तीन दिवस आनंदात होतो. चौथ्या दिवशी एचआय चाचणीत, म्हणजे विषाणूमुळे रक्तपेशींचे एकमेकींना चिकटणे प्रतिपिंडे रोखतात का हे पाहणाऱ्या चाचणीत, त्याच सिरमने ते चिकटणे जराही रोखले नाही. वारंवार गोठवून वितळवलेल्या त्या प्रथिनाचे गोळे झाले होते, आणि टोचण्यापूर्वी ते तपासण्याचे कष्ट मी घेतले नव्हते.

म्हणून प्लेटवर वेगळा टॅग असलेले प्रथिन किंवा निष्क्रिय केलेला अख्खा विषाणू लाव. केवळ अॅडज्युव्हंट (लसीचा प्रतिसाद वाढवणारे द्रव्य) दिलेला गट तू योजला आहेसच. त्याच्या जोडीला तोच फोल्डॉन आणि तोच टॅग असलेले, पण फ्लूशी संबंध नसलेले प्रथिन दिलेला गटही हवा. न्यूरामिनिडेझ हे विषाणूच्या पृष्ठभागावरचे दुसरे प्रथिन घेणार असशील तर एक सोय आहे: ते चार रेणूंच्या जुळणीतच नीट काम करते, त्यामुळे त्याची एन्झाइम-क्रिया मोजली की रचना शाबूत आहे की नाही याचा बराच अंदाज येतो.

एचआय चाचणीचा पाया म्हणजे कोंबडीच्या रक्तपेशी फ्लूच्या विषाणूमुळे एकमेकींना चिकटतात, हे जॉर्ज हर्स्ट यांनी १९४१ साली नोंदवलेले निरीक्षण. चाचणी जुनी असली तरी खोडी काढते. उंदराच्या सिरममध्ये मुळातच काही अविशिष्ट रोधक असतात. रात्रभर ३७ अंशांवर आरडीई या रोधक निष्प्रभ करणाऱ्या एन्झाइमची प्रक्रिया आणि नंतर ५६ अंशांवर अर्धा तास, एवढे केल्याशिवाय तिच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नकोस. शिवाय ही चाचणी मुख्यतः हिमॅग्लुटिनिनच्या डोक्यावर, पेशीवरील ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटणाऱ्या जागेभोवती बसणारी प्रतिपिंडेच पकडते. देठावर बसणारी प्रतिपिंडे उंदराला वाचवू शकतात आणि तरीही एचआयमध्ये दिसत नाहीत. १:४० टायटर म्हणजे संरक्षण, ही सीमाही उंदरांना लावू नकोस. ती माणसांच्या अभ्यासांतून आली आहे, आणि तिथेही ती सुमारे निम्म्या संरक्षणाशीच जोडली जाते.

पुढे सी५७ब्लॅक/६ जातीकडे वळलीस, तर त्या उंदरांत आयजीजी२ए या उपप्रकाराची प्रतिपिंडे नसून आयजीजी२सी असतात, हे लक्षात ठेवून अभिकर्मक मागव. नाहीतर त्यांवरून ओळखला जाणारा टीएच१ (पेशीय प्रतिकाराचा) प्रतिसाद कमी पडल्याचा निष्कर्ष काढशील आणि दोष मात्र बाटलीचा असेल.

प्राणी नैतिकता समिती प्रत्येक गटात दहाच उंदीर का, असे विचारील. ‘आधीच्या शोधनिबंधात तसे होते’ हे उत्तर चालणार नाही. अपेक्षित फरक आणि टायटरमधील विखुरलेपणा धरून तो आकडा काढ. एका पिंजऱ्यात एकच गट ठेवू नकोस, नाहीतर पिंजऱ्याचा परिणाम गटाचा वाटेल.

जेल फिल्ट्रेशनचा, म्हणजे आकारानुसार रेणू वेगळे करण्याच्या पद्धतीचा, आलेख मला आधी पाठव. त्यात ट्रायमरच्या जागी एकच स्वच्छ शिखर दिसेपर्यंत उंदरांची मागणी नोंदवू नकोस.

तुझा,
मार्गदर्शक