जपानचं मुराकामी घराणं सामुराई होतं की समुद्री चाचे?

दोन्ही. सेतो अंतर्गत समुद्रातल्या बेटांवर त्यांच्या तीन शाखा होत्या: नोशिमा, कुरुशिमा, इन्नोशिमा. नोशिमा चिमुकलं बेट, पण भोवती भरती-ओहोटीची ओढ एवढी जबर की अनोळखी तांडेल गलबत हमखास खडकावर घालणार. म्हणून जकात भरणाऱ्याला सोबत माणूस किंवा घराण्याचं निशाण मिळे. आपल्याकडच्या आंग्र्यांच्या दस्तकासारखंच. 1581 सालचं असं निशाण आजही टिकून आहे.

1576 मध्ये ओसाकाजवळ किझु नदीच्या मुखाशी पश्चिम जपानमधल्या मोरी या सरदार घराण्याच्या बाजूने लढताना त्यांनी बंदुकीची दारू भरलेली मडकी पेटवून फेकली आणि जपान एकछत्री करायला निघालेल्या ओदा नोबुनागाची जहाजं जाळली. 1578 मध्ये मात्र नोबुनागाचा सरदार कुकी योशिताका 6 प्रचंड जहाजं घेऊन उतरला आणि जिंकला. त्यांना लोखंडी पत्रा होता हे डोळे झाकून मानू नका. तो उल्लेख एका मठाच्या रोजनिशीतला आहे. जहाजं प्रत्यक्ष पाहिलेल्या जेझुइट पाद्र्याने तोफांबद्दल लिहिलं, पत्र्याबद्दल नाही. माझ्या मते निकाल तोफांनीच लावला.

1588 मध्ये नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या हिदेयोशीने चाचेगिरीवर बंदी घातली आणि जकातीचं उत्पन्नच बुडालं. कुरुशिमा शाखेला तर 1601 मध्ये क्युशूत समुद्रापासून दूर, डोंगराळ मुलखात जहागीर मिळाली.