नक्षी आहे, पण टायर किती वर्षांचा? एसयूव्हीच्या टायरबद्दल वाचकांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की टायरचे प्रश्न येतात. समृद्धीवरून जायचं ठरलं की पुन्हा येतात. बहुतेकांनी सोबत टायरचा फोटो जोडलेला असतो आणि तो हमखास नक्षीचा असतो. ज्या चार आकड्यांवर माझं उत्तर अडतं, ते फोटोत कधीच नसतात. तेच ते प्रश्न म्हणून या वेळी एकत्र घेतले आहेत. फोटोवरून टायर पास-नापास करता येत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

क्रेटाला कंपनीचे २१५/६० आर १७ टायर आहेत. दुकानदार म्हणतो, याच मॅगव्हीलवर २३५/६० बसतात, गाडी दणकट दिसते आणि रस्ताही जास्त धरते. टाकू का? (पिंपळे सौदागर, पुणे)

बसतील हो. दुकानात सगळंच बसतं, कारण तिथे गाडी रिकामी आणि उभी असते. चार माणसं, डिकीत सामान आणि वाटेत खड्डा असं आलं की मग घासल्याचा आवाज येतो.

हिशेब असा. २१५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के. रुंदी वाढवली आणि ६० तसाच ठेवला की उंचीही वाढते. तुमच्या आत्ताच्या टायरचा व्यास साधारण ६९० मिमी आहे, २३५/६० चा ७१४ भरतो. साडेतीन टक्के जास्त. म्हणजे पूर्वी काट्यावर जिथे १०० दिसायचे, तिथे आता गाडी साडेतीन किलोमीटरने जास्त पळत असेल आणि काटा तरीही १००च दाखवेल. पिकअप मंदावेल, मायलेज पडेल. आणि पावसात रस्ता धरावा म्हणून रुंद टायर घेताय, तर साचलेल्या पाण्यावर रुंद टायरच आधी तरंगतो. क्रेटाच्याच एन लाइन या आवृत्तीला कंपनी २१५/५५ आर १८ देते, त्याचा व्यास ६९४ मिमी. चाक मोठं केलं, पण बाहेरचा घेर जवळपास तेवढाच राखला. साइज बदलायची तर ती अशी बदलतात. मॅन्युअलमध्ये नसलेली साइज टाकायचीच असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला आणि विमा कंपनीला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

नायट्रोजन भरावा का? (सांगली)

साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट भरून देत असतील तर भरा, पैसे मागत असतील तर साधी हवा भरा आणि दर पंधरा दिवसांनी तपासा.

मूळ टायरवर १०८ व्ही लिहिलंय. त्याच साइजचा १०४ एच बऱ्याच कमी किमतीत मिळतोय. आकडा एवढा महत्त्वाचा आहे का? (छत्रपती संभाजीनगर)

आहे. १०८ म्हणजे एक टायर १००० किलो पेलतो, १०४ म्हणजे ९००. अक्षर वेगाचं: एच २१० किमीपर्यंत, व्ही २४० पर्यंत. आपण कुठे २१०ने जाणार, हा युक्तिवाद मला रोज ऐकू येतो. पण ते अक्षर टायर किती उष्णता सोसतो हेही सांगतं, आणि उष्णता १२०लाही होते. वजनाचा आकडा मूळपेक्षा कधीही कमी करू नका. अक्षर कमी करायचं असेल तर गाडीच्या कंपनीने त्या व्हेरियंटला कोणकोणते रेटिंग मान्य केलेत ते मॅन्युअलमध्ये बघा, नसेल तर सर्व्हिस ॲडव्हायझरला विचारा. दुकानदाराला विचारू नका, त्याच्याकडे जो पडून आहे तोच तो चालेल म्हणणार.

गाडी २०१८च्या अखेरीस घेतली. वडील चालवतात, फार फिरत नाही, जेमतेम २६ हजार किमी झालेत. टायर कंपनीचेच, नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक आहे. दिवाळीत समृद्धीवरून मुंबईला जायचंय. मेव्हणे म्हणतात, सिमेंटच्या रस्त्यावर हवा पाच पॉइंट कमी ठेवायची, म्हणजे टायर फुटत नाही. अजून दोन वर्षं टायर चालतील ना? (नागपूर)

नाही चालणार. आणि मेव्हण्यांना हवेच्या पाइपला हात लावू देऊ नका.

आधी टायरचं वय. टायरच्या बगलेवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, डीओटी ही इंग्रजी अक्षरं शोधा. त्या ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २२१८ असेल तर टायर २०१८च्या बाविसाव्या आठवड्यात बनला, म्हणजे तुमच्या गाडीपेक्षाही काही महिन्यांनी मोठा. हे आकडे पुष्कळदा एकाच बाजूला असतात आणि चाक चढवताना ती बाजू आत गेलेली असते. मग टॉर्च घेऊन गाडीखाली वाकावं लागतं किंवा रॅम्पवर चढवून बघावं लागतं. हा त्रास कोणी घेत नाही, म्हणून मला नक्षीचे फोटो येतात.

कमी फिरलेला टायर कमी म्हातारा होतो, ही समजूत कुठून आली कोण जाणे. दाबाखाली असलेली हवा टायरच्या आतल्या अस्तरातून सतत थोडी थोडी झिरपत बाहेर येते. वाटेत तिच्यातला ऑक्सिजन नक्षीखालच्या पोलादी पट्ट्यांना धरून ठेवणारं रबर कडक करत जातो. गाडी चालो वा उभी राहो, हे चालूच असतं, आणि उन्हात वेगाने होतं. नागपूरच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, अंगणात उभ्या असलेल्या गाडीचं काय होत असेल? शिवाय रबरात मिसळलेलं मेण आणि रसायनं टायर चालताना पृष्ठभागावर येऊन त्याचं रक्षण करतात. उभ्या गाडीला तेही पुरेसं मिळत नाही. टायर धुऊन, कोरडा करून, बगलेवर आणि नक्षीच्या खाचेच्या तळाशी अंगठ्याने दाबून बघा. केसासारख्या बारीक रेषा उघडल्या तर विषय संपला. पण रेषा दिसल्या नाहीत म्हणून आत सगळं ठीक आहे असंही नाही. पट्ट्या सुटायला लागतात त्या आत, बाहेरून काही दिसत नाही.

आता हवा. हवा कमी केली की टायरची बगल प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, आणि वाकणं म्हणजे उष्णता. मधल्या आकाराच्या एसयूव्हीचं चाक १२० किमी वेगाला सेकंदाला सुमारे पंधरा वेळा फिरतं. समृद्धीची लांबी ७०१ किमी, कारला १२०ची मर्यादा, सिग्नल नाही, गर्दी नाही, तासन्‌तास एकच वेग. जुन्या रस्त्याने गावं लागायची, गाडी हळू व्हायची, चहाला थांबायची, टायर थोडा तरी निवायचा. इथे तो निवतच नाही. गाडी चालल्यावर टायरमधला दाब वाढतो हे खरं आहे, तापमान पाच-सहा अंश वाढलं की साधारण एक पीएसआय, म्हणजे मेव्हण्यांच्या भाषेत एक पॉइंट. पण ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा आकडा ही वाढ धरूनच ठरवलेला असतो. तो गार टायरचा आकडा आहे. तो सकाळी, गाडी बाहेर काढण्याआधी भरायचा. वाटेत गरम टायरची हवा सोडायची नाही.

हे माझं एकट्याचं भय नाही. ऑगस्ट २०००मध्ये अमेरिकेत फायरस्टोन या टायर कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले पुष्कळ फोर्डच्या एक्सप्लोरर या एसयूव्हीवर होते. नक्षीचा पट्टा टायरपासून सुटायचा आणि गाडी उलटायची. अपघात उष्ण प्रदेशांत जास्त होते. वादाच्या मुद्द्यांपैकी एक होता हवेचा: फोर्ड २६ पीएसआय सांगत होती, टायर कंपनीचं म्हणणं ३० हवी होती. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि पुढे नव्या गाड्यांना हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा सक्तीची झाली. आज तुमच्या डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागतो त्यामागे हा इतिहास आहे. मेव्हण्यांना हेही सांगा.

समृद्धीवर आरटीओने टायर तपासले आणि सोडलं, म्हणून निर्धास्त होऊ नका. कायद्याची मर्यादा नक्षीची आहे, १.६ मिमी. तुमची नक्षी पास होईल, वयाचं प्रमाणपत्र त्यातून मिळत नाही. टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करायला सांगतात आणि दहा वर्षं ही शेवटची हद्द मानतात. काही कार कंपन्या सहालाच बदला म्हणतात. विदर्भाच्या उन्हात मी दहापर्यंत मोजत नाही. दिवाळीआधी चारही टायर बदला, पाचव्या स्टेपनीची तारीखही बघा. बदलण्याआधी खात्री हवी असेल तर टायर कंपनीच्या अधिकृत केंद्रात चाकं उतरवून आतून तपासून घ्या. आणि यातलं काहीच जमणार नसेल तर विदर्भ एक्स्प्रेसने या.

मग नवीन टायर घेताना किती जुनी तारीख चालेल? (अकोला)

सावलीत, नीट ठेवलेला असेल तर सहा-आठ महिन्यांचा टायर नवाच समजा. वर्ष उलटलेला असेल तर मी घेत नाही, निदान पूर्ण किमतीला तरी नाही. ‘आजच्या दिवसाची ऑफर’ असेल तर तारीख दोनदा वाचा. एक टायर बाहेर काढून ताजी तारीख दाखवायची आणि बाकीचे तीन गोदामातून थेट मशीनवर चढवायचे, हा प्रकार मी पाहिला आहे. चारही टायर रिमवर चढण्याआधी हाताने फिरवून आकडे वाचा, आणि बिलावर चारही सिरीयल नंबर लिहून घ्या. वॉरंटीचा वाद झाला तर तेच कामाला येतात.

जीएसटी कमी झाल्यावर टायर स्वस्त झाले का? (जळगाव)

२२ सप्टेंबर २०२५पासून २८ऐवजी १८ टक्के. पूर्वी करासह १२८ रुपये असलेली वस्तू ११८ला यायला हवी, म्हणजे पावणेआठ टक्के कमी. पक्कं बिल मागा, कर तिथे दिसतो.

दोनच टायर बदलायचे आहेत. दुकानदार म्हणतो इंजिन पुढे, ओढणारी चाकं पुढे, म्हणून नवे पुढे. (चिपळूण)

नवे मागे. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते, आपण ॲक्सिलरेटर सोडतो आणि ती बऱ्याचदा सावरते. मागचे घसरले तर गाडी गर्रकन फिरते आणि कुंभार्ली घाटाच्या पावसात ती सावरायला जागा नसते. नवे मागे टाका, मागचे चांगले असतील तर पुढे घ्या. तुमची गाडी चारही चाकांना ताकद देणारी असेल तर मात्र दोन बदलण्याचा विचार सोडा. नव्या-जुन्या टायरच्या घेरातला फरक ती यंत्रणा सतत भरून काढत राहते आणि शेवटी बिल टायरपेक्षा मोठं येतं. किती फरक चालतो हे गाडीगणिक वेगळं आहे, सर्व्हिस सेंटरला विचारा.

एसयूव्ही आहे, म्हणून ऑल-टेरेन टायर टाकायचा विचार आहे. कोल्हापूर–गोवा जाणं-येणं असतं, आंबोलीमार्गे. (कोल्हापूर)

वर्षातून किती वेळा चिखलात उतरता? आंबोलीचा रस्ता डांबरी आहे. ऑल-टेरेन म्हणजे कच्च्या रस्त्यालाही चालणारा, जाड ठोकळ्यांच्या नक्षीचा टायर. ओल्या डांबरावर त्याच्यापेक्षा रस्त्यासाठी बनवलेला टायर लवकर थांबतो, आवाज कमी करतो आणि डिझेलही वाचवतो. शेतावरचा कच्चा रस्ता रोजचा असेल तर गोष्ट वेगळी. पावसाळ्यासाठी म्हणाल तर तीन मिलिमीटरच्या खाली नक्षी गेली की मी बदलायला सांगतो, १.६ची वाट बघत नाही.

टायरच्या बगलेत स्क्रू घुसलाय. पंक्चरवाला मशरूम पॅच मारून देतो म्हणतोय. (बोरिवली, मुंबई)

नाही. बगलेचं पंक्चर काढत नाहीत. टायर बदला.

घोडबंदर रोडवरच्या खड्ड्यात चाक आदळलं, टायरला लिंबाएवढा फुगा आलाय. हवा उतरत नाही. १९ इंची चाक असल्याने टायर महाग आहे, बोनस आल्यावर बदलला तर चालेल का? (ठाणे)

फुगा म्हणजे आतले दोरे तुटले आहेत आणि हवा आता नुसत्या रबराने अडवलेली आहे. ती उतरत नाही म्हणून तुम्ही निश्चिंत आहात, आणि नेमकी हीच अडचण आहे. उतरेल तेव्हा एकदम उतरेल. आज स्टेपनी लावा. स्टेपनी लहान साइजची असेल तर तिच्यावर ८०ची मर्यादा छापलेली असते, ती पाळून दुकान गाठा. रिम वाकलंय का तेही बघून घ्या, नाहीतर नवा टायरही हवा सोडेल. बोनस येईपर्यंत थांबायचं असेल तर गाडी घरी ठेवा.

दर पाच हजार किमीला अलाइनमेंट करावीच लागते का, की नुसता धंदा आहे? (नाशिक)

निम्मा धंदा आहे. नवे टायर टाकल्यावर, मोठा दणका बसल्यावर, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेने झिजत असेल तर करा. आठ-दहा हजारांना चाकांची अदलाबदल करताना तपासून घ्या. मात्र आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही आकडे छापून मागा. आधीचेच हिरव्यात, म्हणजे मर्यादेत, असतील, तर मग पैसे कसले घेताय म्हणून विचारा.