नकली शहर बघायला कशाला जायचं?

गेल्या अंकात पोलंडमधल्या ग्दान्स्क बंदराचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, पण त्या प्रश्नावर माझं स्वतःशीच बरंच भांडण झालेलं आहे, त्यामुळे इलाज नाही.

ताई, सप्टेंबरमध्ये लेकीकडे वॉर्सॉला चाललोय. जावई म्हणतात, दोन दिवस ग्दान्स्कला जाऊ. पण १९४५मध्ये ते शहर बेचिराख झालं आणि आज दिसतं ते सगळं नंतर बांधलेलं आहे, असं वाचलं. मग नकली घरं बघायला एवढा खर्च करायचा का? — एक वाचक, कोथरूड

मी चाळीस वर्षं पेठांमधल्या वाड्यांची मोजमापं घेतली. ‘नवीन लाकूड घातलं की वाडा खोटा झाला’ हे वाक्य मालकांकडून, बिल्डरांकडून आणि एकदा माझ्या सासऱ्यांकडूनही ऐकलंय. त्यामुळे ग्दान्स्कला गेले तेव्हा मीही नाक मुरडूनच गेले होते.

तुमची माहिती बरोबर आहे. मार्च १९४५मध्ये जुन्या शहराचा जवळजवळ सगळा गाभा जळाला, कोसळला. पुढे काय करायचं यावर वाद झाले. अवशेष तसेच ठेवा, नवं आधुनिक शहर उभारा, असं म्हणणारेही होते. शेवटी दर्शनी भिंती जुन्या वळणाने उभ्या करायच्या आणि मागे कामगारांसाठी फ्लॅट काढायचे, असं ठरलं. म्हणून पुढच्या बाजूने फिरून झालं की मागच्या बाजूला जरूर जा. द्वुगा नावाच्या मुख्य रस्त्यावर सगळे मान वर करून सोनेरी नक्षी बघत असतात. तिथल्या एका बोळातून मी आत शिरले, तर मागे मोठं मोकळं अंगण. झाडं, बाकं, वाळत घातलेल्या चादरी आणि वसाहतीसारख्या साध्या, गिलावा केलेल्या भिंती! पूर्वी तिथे मागची घरं, कोठारं यांची दाटी होती. उजेड-वारा यावा म्हणून ती पुन्हा बांधलीच नाहीत. पुढून दोन वेगळी घरं दिसतात, आत जिना एकच. मला तर हे पुढच्या नक्षीपेक्षा जास्त आवडलं.

गंमत अशी की पुनर्बांधणी करणाऱ्यांनी १९३९चं शहर परत आणलं नाही. १७९३मध्ये ग्दान्स्क प्रशिया या जर्मन राज्याकडे गेलं. त्यानंतरच्या जर्मन काळात घातलेलं बरंचसं त्यांनी वगळलं आणि त्याआधीच्या, डच आणि फ्लेमिश कारागिरांच्या सुवर्णकाळाचं शहर उभं केलं. म्हणजे युद्धाच्या आदल्या दिवशी तिथे राहणाऱ्या माणसाला आजच्या काही भिंती ओळखूही यायच्या नाहीत. याला नकली म्हणायचं का? माझ्या मते हे १९५०च्या दशकातल्या पोलिश लोकांनी आपल्या इतिहासाबद्दल विटांत लिहिलेलं मत आहे. ते वाचता येतं, आणि त्याच्याशी भांडताही येतं.

शिवाय सगळंच नवं नाही. मोत्वावा नदीच्या काठावर ‘झुराव’ म्हणजे १४४०च्या दशकातली प्रचंड लाकडी यारी आहे. दोन जाड विटांचे बुरूज आणि मध्ये पुढे झुकलेलं काळपट लाकडी डोकं. यारी आणि शहराचा दरवाजा, दोन्ही एकात. लाकूड १९४५मध्ये जळालं, ते नंतरचं आहे. बुरुजांच्या भिंती मात्र टिकल्या. आत माणसापेक्षा कितीतरी मोठी लाकडी चाकं आहेत. त्यांत माणसं चालायची, जागच्या जागी, आणि तेवढ्यावर टनावारी माल आणि जहाजांच्या डोलकाठ्या उचलल्या जायच्या.

आता माझी आवडती गोष्ट. मारियात्स्का नावाच्या गल्लीत प्रत्येक घरासमोर ओटा आहे. त्याला तिकडे ‘पशेद्प्रोझे’ म्हणतात. माझ्या जिभेला तो शब्द झेपला नाही, मी ओटाच म्हणत राहिले. रस्त्यापासून चार-सहा पायऱ्या वर, कोरीव दगडी कठडा आणि खाली तळघर. शेजारी-शेजारी दोन ओटे, आणि मधून छपराचं पाणी वाहून नेणारी दगडी पन्हळ. पन्हळीच्या टोकाला कुठे मासा, कुठे सिंह, कुठे अक्राळविक्राळ तोंड. आपल्या देवळातलं गोमुख आठवा, फक्त ते गुडघ्याच्या उंचीला आणलेलं. मी होते तेव्हा पाऊस लागला. मी एका दुकानाच्या दारात उभी, आणि समोरच्या राक्षसाच्या तोंडातून पाणी थेट एका गृहस्थाच्या बुटावर. तो ओरडला नाही, एक पाऊल बाजूला सरकला, सवयीचं असावं.

तेव्हा जावयांचं ऐका. पोलंडमधलंच क्राकोव्ह सुंदर आहेच, पण ते बॉम्बमधून वाचलेलं शहर आहे. दोन्ही बघितलीत तर फरक समजेल. वॉर्सॉहून रेल्वेने साधारण तीन तास.

आमच्या वळिवड्याला युद्धकाळात पोलिश निर्वासितांची छावणी होती, आजी त्यांच्या गोष्टी सांगायची. ती माणसं ग्दान्स्कची होती का? — एक वाचक, कोल्हापूर

बहुतेक जण नव्हते. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला जी सुमारे पाच हजार माणसं राहिली, त्यांतली बरीच पोलंडच्या पूर्व भागातली. सोव्हिएत राजवटीने १९४० च्या सुमारास त्यांना सैबेरियाकडे हाकललं होतं. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं सोव्हिएत हद्दीत गेलेली होती. परत जायचं तर कुठे? वळिवड्याचे कित्येक जण पुढे इंग्लंड, ऑस्ट्रेलियाकडे गेले.

पण एक धागा आहे. ग्दान्स्कमधली जर्मन वस्ती १९४५ नंतर गेली आणि त्या रिकाम्या, जळक्या शहरात येऊन राहिले त्यांत विल्नो (आजच्या लिथुआनियातलं विल्नियस) आणि आसपासच्या पूर्व भागातून उखडलेले लोक पुष्कळ होते. म्हणजे ज्या मुलखातून काही जण पंचगंगेच्या काठी आले, त्याच मुलखातले दुसरे मोत्वावाच्या काठी. ज्या फ्लॅटांच्या मागच्या अंगणांबद्दल वर लिहिलं, ते अशाच कुटुंबांनी भरले. आजीच्या गोष्टी कुणीतरी लिहून ठेवा. तुम्हीच ठेवा.

आईचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. तिला ग्दान्स्कमध्ये काय दाखवता येईल? — एक वाचक, डोंबिवली

मेरी चर्चचा मनोरा सोडा; चारशेहून अधिक पायऱ्या आहेत. मी चढले आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलचा एक मजलाही लिफ्टने गेले. पण चर्चच्या आत आईंना न्याच. जगातल्या सगळ्यात मोठ्या विटांच्या चर्चांपैकी ते एक, १३४३मध्ये सुरू झालेलं आणि १५०२मध्ये संपलेलं. बाहेरून लाल, उग्र. आत शिरलं की पांढराशुभ्र, उंच, उजेडाने भरलेला अवकाश. युद्धात छताच्या कमानींचा मोठा भाग कोसळला होता. आत १४६४ ते १४७० दरम्यान हान्स ड्युरिंगरने केलेलं खगोलीय घड्याळ आहे. त्याने दुसरीकडे असं घड्याळ करू नये म्हणून गावाने त्याचे डोळे काढले, अशी कथा सांगतात. (ताजमहालाच्या कारागिरांच्या हातांची कथा आठवली ना? प्रत्येक गावाला आपल्या वस्तूचा असा मोठेपणा लागतो.) दुपारी बाराच्या थोडं आधी बाकावर जागा धरा, वरच्या मजल्यावरच्या मूर्ती फिरतात.

मग नेपच्यूनच्या कारंज्याशेजारच्या आर्टुस कोर्टातली, म्हणजे व्यापाऱ्यांच्या जुन्या सभागृहातली, दालन उबदार ठेवणारी रंगीत टाइलांची शेगडी. साडेदहा मीटरहून उंच, सोळाव्या शतकातली! तिच्यापुढे माणूस काडेपेटीएवढा दिसतो. रस्ते दगडी आहेत, आईंना जाड तळाचे बूट घाला. जहाज कारखान्याजवळचं सॉलिडॅरिटी केंद्रही सोयीचं आहे. सॉलिडॅरिटी ही तिथल्या कामगारांची संघटना. १९८०च्या संपाची गोष्ट तिथे आहे आणि इमारत गंजक्या पोलादाची, जहाजाच्या अंगासारखी. आईंना ती आवडणार नाही असं मला वाटतं, पण विचारून बघा.

ग्दान्स्कला दागिन्यांत विकतात तो अंबर खरा की खोटा कसा ओळखायचा? — एक वाचक, नाशिक

घरी आणल्यावर मिठाच्या घट्ट पाण्यात टाका. अंबर म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचा झाडाचा चीक. तो तरंगतो, काच आणि बरेचसे प्लास्टिक बुडतं. दुकानात अर्थातच हे करता येत नाही. तिथे लोकरीवर घासून कागदाचा कपटा ओढतोय का बघा, पण तेवढ्याने प्लास्टिकही फसवतं, म्हणून पावती मागाच. मारियात्स्कात दुकानं ओट्याखालच्या तळघरांतही आहेत. आत माशी असलेले मणी महाग असतात आणि त्यांतच फसवणूक जास्त. मी बिनमाशीचा घेतला. आत नुसता एक बुडबुडा आहे, आणि तो चष्मा लावल्याशिवाय मला दिसत नाही.